पोरांना घेऊन पणजी: बीच सोडून काय बघायचं?

प्रश्न: मावशी नमस्कार. आम्ही शहापूरला राहतो, दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस पणजीला जायलोय. थोरला नऊ वर्षांचा, धाकटी चार, शिवाय सासूबाई, त्यांचे गुडघे दुखतात. आमचे हे म्हणतात बीचवर सोडलं की झालं. पण गेल्या वर्षी तेच केलं आणि बारा वाजेपर्यंत धाकटी उन्हानं लालबुंद, थोरला मोबाईल दे मोबाईल दे, सासूबाई गाडीत एसी लावून बसलेल्या. पोरांसाठी तिथं दुसरं काही हाय की नाही? – एक आई, शहापूर, बेळगाव

उत्तर: हाय की! आणि त्यातलं सगळ्यात भारी जे हाय ते फुकट हाय. फेरीबोट. पणजीच्या धक्क्यावरून मांडवी ओलांडून पलीकडं बेतीला जाते, चालत जाणाऱ्याला तिकीटच नाही. आपण मोठी माणसं पुलावरून गाडी काढतो आणि ही मजा हुकवतो. माझा नातू पाच वर्षांचा होता तेव्हा पहिल्यांदा नेलं, बोट काठाला लागली, पुढची लोखंडी फळी खडखड करत खाली आली, एकामागं एक स्कूटर उतरल्या आणि तो तिथंच उभा, हलायलाच तयार नाही. त्याला नदी बघायची नव्हती, ती फळी परत वर कशी जाते ते बघायचं होतं. तीन वेळा गेलो आणि तीन वेळा आलो, मी आपली बाकावर बसून शेंगा खात. तुमच्या सासूबाईंनापण हे जमेल, पायऱ्या नाहीत, गर्दीच्या वेळेला तेवढं जाऊ नका.

धक्क्यापासून जवळच जुनं सचिवालय, म्हणजे मूळचा आपल्या विजापूरच्या आदिलशहाचा वाडा. त्याच्या शेजारी एक काळा पुतळा हाय, लांब झग्यातला माणूस दोन्ही हात पुढं करून उभा आणि खाली एक बाई पडायला लागलेली. हे आबे फारिया, 1756 साली कांदोळीत जन्मलेले पाद्री, पॅरिसला जाऊन त्यांनी हिप्नोटिझमचे, म्हणजे माणसाला संमोहित करायचे प्रयोग केले. नातवानं विचारलं, आजी त्या बाईला चक्कर आली काय? मग काय, दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला हात पुढं करून झोपवायचा धंदा. थोरल्याला गोष्ट सांगा, मोबाईल विसरतो का नाही बघा.

दुपारचं ऊन चुकवायला मिरामारचं सायन्स सेंटर. बटणं दाबायची, चाकं फिरवायची, हात लावू नको म्हणून कोण ओरडत नाही. नऊ वर्षांच्या पोराला दोन तास कमी पडतील, चार वर्षांची मात्र अर्ध्या तासात कंटाळेल, म्हणून एकानं आत थांबायचं आणि एकानं धाकटीला आणि सासूबाईंना घेऊन कांपालच्या बागेत बसायचं, मोठी झाडं आहेत, नदीचा वारा येतो. मिरामारचा बीच तिथंच, संध्याकाळी वाळूत खेळू द्या पण पाण्यात सोडू नका, नदी तिथं समुद्राला मिळते, ओढ असते. लाल बावटा दिसला तर घोट्यापर्यंतसुद्धा नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी चोडण बेट. रायबंदरवरून परत फेरीबोट (पोरं खूश), आणि बेटावर उतरलं की जवळच सलीम अली पक्षी अभयारण्य. जाताना पणजी ते रायबंदर जो सरळ रस्ता लागतो ना, तो पोर्तुगीजांनी 1630च्या दशकात खाजणातनं, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या दलदलीतनं बांधून काढलाय, सुमारे तीन किलोमीटर, आजपण त्याच्यावरनं बस जातात. आपल्याकडचा डांबरी रस्ता एक पावसाळा काढत नाही, असो. अभयारण्य लहानच, दोन चौरस किलोमीटरसुद्धा नाही, सगळी खारफुटी. पक्षी दिसतील तेवढे दिसतील पण पोरांना खरं दाखवायचं ते खाली चिखलात. भरतीला जाऊन उपयोग नाही, ओहोटीची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा. मग निवटी दिसतात, हे मासे चिखलावर चालतात, मधनंच टुणकन उडी मारतात, डोळे डोक्यावर बेडकासारखे. आणि एक नांगी अंगाएवढी मोठी असलेले खेकडे, ती नांगी हलवत बसतात, ये ये म्हटल्यासारखी. खारफुटीची मुळं चिखलातनं पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली असतात, ती श्वास घ्यायला, हे थोरल्याला सांगा. जुन्या चपला आणि कपड्यांचा एक जोड जादा घ्या.

वेळ उरला तर बेतीहून पुढं रेईश मागूशचा किल्ला, 1551 सालचा, छोटासा. आत गोव्याचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडांची चित्रं लावलेली आहेत, त्यातली बारीक बारीक माणसं शोधण्यात पोरं रमतात. चढ हाय, सासूबाईंना नको. आणि यादी वाढवू नका हो, दिवसाला दोन ठिकाणं बास. सकाळी पदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून पों पों करत येतो, त्याच्याकडनं गरम पोळी घ्या, पोळी म्हणजे आपली नव्हे, कोंडा लावलेला पाव.

प्रश्न: ताई, मी निपाणीची, सहा वर्षांच्या मुलीला घेऊन एकटीच जाणार, गाडी नाही. चोर्ला घाटात तिला हमखास उलटी होते. काय करू?

उत्तर: बेळगावातनं पणजीला बस आहेत, आणि पणजीत फेरीबोट, पुतळा, बाग हे सगळं चालत नाहीतर रिक्षानं होतं, गाडीवाचून अडत नाही. उलटीचं म्हणाल तर निघताना पोटभर इडली-वडा घालू नका आणि उपाशीपण नेऊ नका, दोन बिस्किटं बास. ड्रायव्हरच्या मागची सीट धरा, खिडकी उघडी, मोबाईल बंद, लांब बघायला सांगा. जांबोटीच्या पुढं कणकुंबी लागतं, आपली मलप्रभा तिथं उगम पावते, तेवढं सांगितलं की पोर बाहेर बघत बसतं. पिशवी मात्र हातातच ठेवा, वरच्या बॅगेत नको, मी एकदा ठेवली होती.