इन-एन-आउटच्या पॉप-अपसाठी रांगेत उभं राहावं का?

तुम्ही विचारलंय की इन-एन-आउट या अमेरिकन बर्गर कंपनीचा एका दिवसाचा पॉप-अप, म्हणजे तात्पुरता स्टॉल, लागणार आहे, त्यांच्या अमेरिकेतल्या दुकानात तुम्ही कधी खाल्लेलं नाही, तर इथे त्यांची खरी चव कळेल का. मी दोन्हीकडे खाल्लंय. बर्गर मला अगदी तसाच लागला. जमत असेल तर नक्की जा, पण पोटभर जेवणाच्या आशेने नको.

माझ्या वेळी स्टॉल अकराला उघडणार होता. मी आठच्या आत पोचलो तरी पुढे बरीच माणसं होती. थोड्या वेळाने कर्मचारी रांगेतल्या प्रत्येकाच्या मनगटाला बँड बांधत आले. बँड संपले की रांग बंद, मग मागचा कितीही लांबून आलेला असो. त्यामुळे अकराची वेळ बघून घरून निघालात तर बहुधा हात हलवत परत याल. जाहिरातही फार आधी होत नाही, एक-दोन दिवस आधी कळलं तर नशीब.

मेनूत मोजून तीन बर्गर होते: डबल-डबल, अ‍ॅनिमल स्टाइल आणि प्रोटीन स्टाइल. डबल-डबल म्हणजे दोन पॅटी आणि चीजचे दोन काप. प्रोटीन स्टाइलमध्ये बनच्या जागी लेट्यूसची पानं असतात. पॅटी गोमांसाची असते. चिकनची किंवा शाकाहारी पॅटी त्यांच्या मूळ दुकानातही नसते, हे आधी माहीत असलेलं बरं.

एकच घेणार असाल तर अ‍ॅनिमल स्टाइल घ्या. पॅटी तव्यावर असतानाच तिच्या कच्च्या बाजूला मोहरीचा सॉस लावतात आणि ती बाजू खाली करतात. मोहरी मांसासोबत भाजली जाते, तिचा झणका जातो आणि कडेला किंचित आंबटसर खमंगपणा उरतो. वर तव्यावर मऊ होईपर्यंत परतलेला बारीक कांदा, काकडीचं लोणचं आणि त्यांचा ‘स्प्रेड’ नावाचा गुलाबीसर सॉस जरा जास्त. माझ्या मते या बर्गरचा जीव त्या कांद्यात आहे. नुसता डबल-डबल चांगलाच असतो, पण तीन तास उभं राहिल्यावर मला तो पुरला नसता.

फ्राईज मात्र नव्हते, वेफर्सचं पाकीट मिळालं. दुकानात ते अख्खे बटाटे तिथल्या तिथे कापून सूर्यफुलाच्या तेलात तळतात. रस्त्यावरच्या तंबूत हे कसं जमणार? मिल्कशेकही नव्हता.

एवढी धडपड करून कंपनी इथे दुकान का उघडत नाही, हे कोडंही तुम्हाला पडलेलं दिसतंय. हॅरी आणि एस्थर स्नायडर या जोडप्याने 1948 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बाल्डविन पार्कला पहिलं दुकान काढलं. कंपनी आजही त्याच कुटुंबाकडे आहे आणि फ्रँचायझी कुणालाच देत नाही. पॅटी ते स्वतःच बनवतात आणि गोठवत नाहीत, म्हणून नवं दुकान त्यांच्या पुरवठा केंद्रापासून गाडीने एका दिवसात गाठता येईल अशाच ठिकाणी निघतं. अमेरिकेबाहेर कायमचं दुकान एकही नाही.

मग पॉप-अप कशाला? बऱ्याच देशांत ट्रेडमार्क नोंदवून काही वर्षं वापरलाच नाही तर तो रद्द होऊ शकतो. चार तास बर्गर विकले तरी तो वापर ठरू शकतो, आणि लोकांच्या मनात नावही राहतं. ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टाने 2020 मध्ये सिडनीच्या ‘डाउन एन आउट’ बर्गरवाल्यांविरुद्ध इन-एन-आउटच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा तिथे 2012 पासून लावलेले पॉप-अपही पुराव्यात होते. मला यात वावगं काही वाटत नाही. कारण वकिली असेल, पण तव्यावरची माणसं मन लावून काम करत होती.

आणि बर्गर हातात आला की फोटोसाठी थांबू नका. मी पहिला तिथेच उभ्याने खाल्ला, दुसरा मित्रासाठी बांधून नेला. अर्ध्या तासात खालचा बन स्प्रेडने भिजला होता आणि लेट्यूस लोळागोळा झालं होतं. मित्राने विचारलं, यासाठी तू तीन तास उभा होतास? त्याला रांगेतच सोबत न्यायला हवं होतं.