फ्रेंचमधल्या दिशा लॅटिन का नाहीत?

एका वाचकाने विचारलं आहे की, फ्रेंच ही लॅटिनची लेक, मग तिच्यातल्या 'नॉर, स्यूद, एस्त, वेस्त' या दिशा इंग्रजीच्या वळणाच्या कशा? लॅटिनचे स्वतःचे दिशाशब्द गेले कुठे? आणि आपल्या पूर्व-पश्चिमेशी त्यांचं काही नातं लागतं का?

उसनवारी इंग्रजीकडूनच झाली आहे, पण ती जुन्या इंग्रजीकडून. बाराव्या शतकातल्या फ्रेंच लेखनात हे शब्द दिसू लागतात. १०६६ नंतर इंग्लंडवर नॉर्मन फ्रेंचांचं राज्य होतं आणि खाडीच्या दोन्ही तीरांवरचे खलाशी एकमेकांत मिसळत होते. पुढे फ्रेंचमधून हे शब्द इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीजमध्ये पसरले. पोर्तुगीज पूर्वेला 'लेस्त' म्हणतात, त्यातला 'ल' हे मुळात फ्रेंचचं उपपद. शब्द उचलताना तेही चिकटून आलं!

मला वाटतं, हे शब्द रुजले ते त्यांच्या आखूडपणामुळे. एका अक्षरात दिशा सांगून होते आणि दोन जोडले की मधली दिशाही मिळते: 'नॉर-एस्त', 'स्यूद-वेस्त'. लॅटिन शब्द लांबलचक होते, शिवाय त्यांना दिशेखेरीज दुसरे अर्थही होते.

उत्तरेचंच बघा. लॅटिनमध्ये उत्तर म्हणजे 'सेप्तेन्त्रिओनेस', अर्थात सात 'त्रिओनेस'. व्हारो हा रोमन पंडित सांगतो की, शेतकरी नांगराच्या बैलांना त्रिओनेस म्हणत. उत्तरेच्या आकाशातले ते सात बैल म्हणजे आपले सप्तर्षी. तारे तेच, आणि 'सेप्तेम' व 'सप्त' हे शब्दही एकाच मुळातले.

दक्षिणेला शब्द होता 'मेरिदिएस', म्हणजे भर दुपार. मूळ 'मेदिदिएस', मधला दिवस. एकापाठोपाठ आलेल्या दोन 'द'पैकी पहिल्याचा 'र' झाला. व्हारोने जुनं 'द'चं रूप प्राएनेस्ते गावच्या एका छायायंत्रावर कोरलेलं स्वतः पाहिलं होतं, आणि तसं त्याने नोंदवून ठेवलं आहे. व्युत्पत्तीला असा दगडावरचा पुरावा मिळणं भाग्याचंच. आता दुपार म्हणजे दक्षिण हे समीकरण इटलीत चालतं, कारण तिथे माध्यान्हीचा सूर्य वर्षभर दक्षिणेलाच असतो. मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तो डोक्यावरून उत्तरेला सरकलेला असतो, त्यामुळे आपल्याकडे असा शब्द घडणं अवघडच होतं.

'ओरिएन्स' म्हणजे उगवता आणि 'ओक्किदेन्स' म्हणजे खाली पडणारा, मावळता. आपण उगवतीला-मावळतीला म्हणतो, तसंच.

हे शब्द गेले मात्र कुठेच नाहीत. त्यांनी फक्त होकायंत्र सोडलं. इटालियनमध्ये 'मेझ्झोजोर्नो' म्हणजे दुपार, आणि देशाचा सगळा दक्षिण भागही. फ्रेंच 'मिदी'चंही तेच: दक्षिण फ्रान्समधला सतराव्या शतकातला प्रसिद्ध कालवा 'कानाल द्यू मिदी'. ब्रुसेल्सला तर एका रेल्वे स्टेशनाचं फ्रेंच नाव 'नॉर' आणि दुसऱ्याचं 'मिदी'. एक शब्द उत्तरेच्या समुद्रावरून आलेला, दुसरा लॅटिनचा वारसा. रोमानियनने सममिती पूर्ण केली: दक्षिण 'म्याझझी' म्हणजे मध्यान्ह, म्हणून उत्तर 'म्याझनोआप्ते' म्हणजे मध्यरात्र. तिथेही आता रोजच्या वापरात 'नॉर्द' आणि 'सुद' आहेत. विशेषणांत लॅटिन अजून ठाम उभी आहे. उत्तर इटली आजही 'इतालिया सेत्तेन्त्रिओनाले'च.

भूमध्य समुद्रावरच्या खलाशांची तऱ्हा वेगळी. ते दिशा वाऱ्याच्या नावाने सांगत: पूर्वेचा 'लेव्हान्ते', म्हणजे वर येणारा, पश्चिमेचा 'पोनेन्ते', म्हणजे टेकणारा, आणि उत्तरेचा 'त्रामोन्ताना', डोंगरांपलीकडचा. इटालियनमध्ये एखादा भांबावला की त्याने 'त्रामोन्ताना हरवली' असं अजूनही म्हणतात.

आता नात्याचं. उसने आलेले शब्दही लॅटिनला अगदी परके नाहीत. 'ईस्ट' हा लॅटिन 'औरोरा' आणि आपल्या 'उषस्'च्या कुळातला. 'वेस्ट' हा संध्याकाळ या अर्थाच्या लॅटिन 'वेस्पेर'चा भाऊबंद. संस्कृतात उगवतीकडे तोंड करून दिशा ठरल्या: समोर पूर्व, मागे पश्चिम, उजवीकडे दक्षिण. 'नॉर्थ'ही तसाच, मुळात 'डावीकडचा' असावा; इटलीतल्या जुन्या उंब्रियन भाषेत 'नेर्त्रु' म्हणजे डावा. 'दक्षिण'चा सख्खा नातेवाईक लॅटिनमध्ये आहे, 'देक्स्तेर'. पण रोमनांनी तो उजव्या हातापुरताच ठेवला. दक्षिणेसाठी त्यांना दुपारच पुरली.