तो सूर नेमका कुणाचा?

प्रश्न : ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ पाहिल्यापासून त्यातल्या तंतुवाद्याचा व्याकूळ सूर डोक्यातून जात नाही. ते चिनी सारंगी म्हणतात ते अर्हूच ना? आणि चिनी लोकवाद्यांचे मोठे वाद्यवृंद खूप प्राचीन आहेत का?

उत्तर : अर्हू त्या चित्रपटात आहे, पण तुमच्या मनात घर करून राहिलेली मुख्य धून चेलोवर, म्हणजे व्हायोलिनच्या कुळातल्या मोठ्या, खालच्या सुराच्या पाश्चात्त्य वाद्यावर वाजते. वादक यो-यो मा, संगीतकार तान दुन. तरीही तुमचा कान चुकला असं मी म्हणणार नाही. चेलोवरची ती मींड थेट अर्हूच्या वळणाची आहे.

अर्हू मी एकदाच हातात घेतलं, पण तेवढ्यात बरंच उमगलं. तारा दोनच, आणि गजाचे केस त्या दोन तारांच्या मधून ओवलेले. गज वाद्यापासून सुटा होतच नाही. बाहेरची तार वाजवायची तर केस बाहेर रेटायचे, आतली हवी तर आपल्याकडे ओढायचे. तारांखाली बोट टेकवायला लाकूड नाही. तार अधांतरीच दाबायची. मग बोट उचलून दुसऱ्या सुरावर ठेवण्यापेक्षा घसरत नेणंच हाताला सोपं वाटतं. त्या आवाजातला हुंदका येतो तो इथून. थोडासा नाकातला बाज आहे तो खालच्या छोट्या डब्यावर ताणलेल्या अजगराच्या कातड्याचा.

वाद्यं जुनी, वाद्यवृंद मात्र अगदी अलीकडचा. १९२० च्या दशकात शांघायमध्ये प्रयोग सुरू झाले, १९५२ मध्ये तिथे मोठा वृंद उभा राहिला, आणि १९५३ मध्ये बीजिंगच्या नभोवाणीचा. पाश्चात्त्य सिंफनीत व्हायोलिन बसतात तिथे अर्हू, मध्ये पिपा, यांगछिन अशी छेडून-ठोकून वाजवायची वाद्यं, मागे फुंकवाद्यं आणि ढोल. अडलं ते खर्जापाशी. गजाने वाजणारं, भरदार खालचा सूर देणारं वाद्य हाताशी नव्हतं. १९५० च्या दशकात तसं नवं वाद्य घडवूनही पाहिलं, पण बहुतेक वृंदांनी शेवटी चेलो आणि डबल बासच घेतले. म्हणजे चेलो या घरात पाहुणा नाही, पुष्कळ वर्षांचा राहता माणूस आहे. तान दुन यांची निवड मला म्हणूनच इतकी पटते.

सुओनाबद्दलही लिहायलाच हवं. हे नाव फारसी ‘सुर्ना’वरून आलेलं, वाद्य आपल्या सनईच्या गोतावळ्यातलं, पण आवाज कितीतरी दांडगा. झांग यिमोउ यांच्या ‘रेड सोरघम’मध्ये (१९८७) भोई नवरीची पालखी मुद्दाम हिंदकळवतात, तेव्हा संगीतकार झाओ जिपिंग यांनी सुओना अशी काही मोकळी सोडली आहे की अंगावर काटा येतो. आणि पूर्ण वृंद एकदम ऐकायचा असेल, तर ‘कुंग फू हसल’ (२००४) लावा. त्यात १९५९ च्या एका शांघायी नृत्यनाट्याचं संगीत घेतलं आहे. पडद्यावर विनोद चाललेला असतो, खाली वाद्यवृंद मात्र पूर्ण गांभीर्याने वाजत असतो.

तुमचा चित्रपट पुन्हा पाहाल तेव्हा रात्रीच्या छपरांवरच्या पाठलागाकडे कान द्या. तिथे चेलो नाही, अर्हू नाही, फक्त ढोल.