मेश बिघडली की आधी एसटीएल बघ

गाडीभोवतीच्या हवेचा प्रवाह संगणकावर मोजताना ती जागा छोट्या पेशींत विभागतात, ती मेश; एसटीएल म्हणजे गाडीच्या पृष्ठभागाची फाइल. मेश बिघडली, तर लगेच स्नॅपीहेक्समेशच्या (ओपनफोम या प्रवाह मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं मेश बनवणारं साधन) सेटिंगला हात घालू नकोस. आधी सरफेसचेक (एसटीएल तपासणारी आज्ञा) चालव. पृष्ठभाग बंद आहे का, सुटे तुकडे किती, हे तिथेच कळतं. मापही बघ: ओपनफोम मीटर धरतं, त्यामुळे मिलिमीटरमध्ये आलेली गाडी हजारपट मोठी होते. मेशच्या पेशी गाडीच्या आत शिरल्या, तर कुठेतरी पेशीहून मोठं भोक राहिलंय.

खरी डोकेदुखी टायर जमिनीला टेकतो तिथे. गोल टायर आणि सपाट रस्ता यांच्यातली फट निमुळती होत शून्यावर येते, पेशी चिरडतात, भिंतीलगतचे थर (पृष्ठभागाला चिकटून घातलेल्या पातळ पेशी) गळतात. टायर काही मिलिमीटर जमिनीत बुडव आणि त्या कोपऱ्यात छोटा उभा कठडा दे. तेवढी तडजोड चालते. स्पॉयलरची कड बोथट आली, तर फीचर एज (मेशने जपायच्या तीक्ष्ण कडा) एसटीएलमधून वेगळ्या काढून दिल्यास का ते बघ. दारांच्या फटी पहिल्या रनला सरळ बुजव.