प्रश्न तुमचे: बघणारा दिसत का नाही?

या अंकासाठी आत्मविचार ('मी कोण' याचा शोध) आणि साक्षीभाव (मनात येते-जाते ते नुसते बघणे) या विषयावर बरीच पत्रे आली. त्यांतले पाच प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न : वर्षभर रोज अर्धा तास 'मी कोण?' असे मनात विचारत बसतो. उत्तर येत नाही. अधूनमधून आत एक शांत पोकळी जाणवते. तोच आत्मा समजायचा का?

नाही. पोकळी जाणवली, म्हणजे ती जाणवणारे कोणीतरी तिच्या अलीकडे होते. 'दृग्दृश्यविवेक' या वेदान्ताच्या छोट्या ग्रंथाचा पहिलाच श्लोक हे सांगतो. रूप दिसते, डोळा बघतो. डोळ्याला कमी दिसते की नीट दिसते, हे मनाला कळते. मनाच्या वृत्ती, म्हणजे त्यात उठणारे विचार आणि भाव, साक्षीला कळतात. साक्षी मात्र बघतोच, तो दिसत नाही. तुमची पोकळी तिसऱ्या पायरीवरची आहे. मनात विचार नसणे हीदेखील मनाचीच एक स्थिती, म्हणून ती येते आणि जाते.

दुसरी चूक प्रश्न वापरण्यातली आहे. 'मी कोण' हा जप नव्हे. १९०१-०२च्या सुमारास तमिळनाडूतल्या अरुणाचल डोंगरावर शिवप्रकाशम पिळ्ळै या भक्ताने विचारलेल्या प्रश्नांना रमण महर्षींनी लिहून उत्तरे दिली. त्यांत पद्धत अशी आहे : विचार उठला की तो पुरा करत बसू नये, 'हा कोणाला उठला?' असे विचारावे. 'मला' असे आतून येते. मग 'हा मी कोण?' म्हणत लक्ष त्या 'मी'कडे वळवावे. प्रश्नाचे काम लक्ष वळवण्यापुरतेच आहे. 'मी आत्मा, मी ब्रह्म' असे उत्तर मनात तयार केलेत, तर तो आणखी एक विचार झाला.

बैठकीत हे कसे करायचे, ते एका साध्या गोष्टीवर पाहा. वीस मिनिटे झाली आणि गुडघा दुखू लागला. दुखणे कळते आहे. ते वाढले, हेही कळले. 'आता पाय हलवावा' हा विचार आला, तोही कळला. त्यामागून 'माझी बैठक बिघडली' अशी चिडचीड आली, ती कळली. चार गोष्टी आल्या, चारही वेगळ्या. कळणे मात्र एकच राहिले, आणि त्या कळण्याला गुडघा नाही. इथे पुष्कळजण लगेच त्या 'कळण्या'ला धरायला जातात, छातीत किंवा कपाळामागे शोधू लागतात. तिथेच घसरण होते. केनोपनिषद 'प्रतिबोधविदितम्' म्हणते : प्रत्येक प्रतीतीबरोबर ते कळलेलेच आहे. त्यासाठी वेगळ्या, खास प्रतीतीची वाट पाहायची नाही. (आणि हो, पाय खुशाल हलवा. सहनशक्तीची परीक्षा घेणे हा इथला विषय नाही.)

अर्ध्या तासाची वाटणी आम्ही अशी सुचवू : पहिली पाच-सात मिनिटे शरीर आणि श्वास निवांत होऊ द्या. पुढची पंधरा मिनिटे वर सांगितल्याप्रमाणे विचार उठेल तसा वळवा. न उठल्यास मुद्दाम उठवू नका. शेवटची आठ-दहा मिनिटे प्रश्नही सोडा. हा शेवटचा भाग लोक गाळतात, आणि सगळी बैठक नुसती मनाशी झटापट होऊन बसते.

प्रश्न : ध्यानात एक तर डुलकी लागते किंवा खूप आनंद वाटतो. आनंद वाटला की दुसऱ्या दिवशी तसे काहीच होत नाही. काय चुकते?

गौडपादाचार्यांच्या मांडूक्यकारिकेत, अद्वैतप्रकरणात, याचा नेमका उपाय आहे : 'लये सम्बोधयेच्चित्तं विक्षिप्तं शमयेत्पुनः । सकषायं विजानीयात्समप्राप्तं न चालयेत् ॥' म्हणजे : मन लीन झाले तर जागे करावे, भटकले तर शांत करावे, कषाय असेल तर ओळखावे, समतेला आले की हलवू नये. पुढच्याच श्लोकात 'नास्वादयेत्सुखं तत्र', तिथले सुख चाखू नये, असे बजावले आहे. लय, विक्षेप, कषाय आणि रसास्वाद ही ती चार विघ्ने.

लय म्हणजे तुमची डुलकी. मान खाली येते, किती वेळ गेला त्याचा पत्ता नसतो, उठल्यावर डोके जड वाटते. इथे मनाला जागे करायचे. पाठ भिंतीपासून सोडवा, डोळे अर्धे उघडा, एखादा श्लोक मोठ्याने म्हणा किंवा पाच मिनिटे चालून या. जेवणानंतर निदान दोन-अडीच तास बसू नका. रात्रीची झोपच अपुरी असेल तर आधी ती पुरी करा. तिथे कोणताही वेदान्त उपयोगी पडत नाही. विक्षेपात उलटे होते. मन धावत सुटते. त्यावर कारिकेचा उपाय वैराग्याचा आहे : ज्यामागे मन धावते त्यातले दुःख आठवावे.

कषाय सगळ्यांत फसवा. मन झोपलेले नाही, भटकतही नाही, पण थिजल्यासारखे झालेले असते. तळाशी एखादी वासना, जुना राग किंवा भीती दबलेली असते आणि वर सामसूम. याला समाधी समजून लोक वर्षे घालवतात. ओळख अशी : खऱ्या शांततेतून उठल्यावर माणूस हलका आणि सावध असतो. कषायातून उठल्यावर कोणी हाक मारली तरी कपाळावर आठी येते. 'विजानीयात्' म्हणजे ओळखावे. कशामुळे थिजलो ते ओळखले की गाठ सैल व्हायला लागते.

तुमचा आनंद चौथ्या विघ्नात बसतो. आनंद येणे वाईट नाही. तो चाखत बसणे, आणि दुसऱ्या दिवशी त्याची वाट पाहत बसणे, हे विघ्न. त्या दिवशी बैठक जमली आणि आज फसली, असा हिशोब सुरू झाला की साक्षी बाजूला राहतो आणि एक गिऱ्हाईक आसनावर येऊन बसते.

प्रश्न : मांडूक्य उपनिषदात तुरीय हाच आत्मा म्हटला आहे. दासबोधात मात्र तुर्या ही महाकारण देहाची अवस्था, आणि तिचाही निरास करायला सांगितला आहे. यातले खरे काय?

दोन्ही खरे. शब्द एकच, पण तो दोन जागी वापरला आहे.

मांडूक्य अवघ्या १२ मंत्रांचे उपनिषद. सातव्या मंत्रात तुरीयाचे वर्णन बहुतेक नकारांनीच केले आहे : आत वळलेली प्रज्ञा नव्हे, बाहेर वळलेली नव्हे, दोहोंकडची नव्हे. शेवटी 'चतुर्थं मन्यन्ते', म्हणजे त्याला चौथे मानतात. जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती या तिन्हींमध्ये जे न बदलता आहे, त्याला मोजणीपुरते चौथे म्हटले. ती झोपेनंतर येणारी चौथी अवस्था नव्हे.

आपल्या मराठी परंपरेत स्थूल, सूक्ष्म, कारण, महाकारण असे चार देह मांडतात आणि चौथ्याची अवस्था ती तुर्या. इथे तुर्या म्हणजे 'मी ब्रह्म आहे' अशी सर्वसाक्षिणी जाणीव. ती कितीही शुद्ध असली तरी 'आहे' असे म्हणणारी वृत्तीच आहे, म्हणून तिला देहांत मोजले. संस्कृत वेदान्तात जिला ब्रह्माकारवृत्ती, म्हणजे ब्रह्माचाच आकार घेतलेली मनाची वृत्ती म्हणतात, ती हिच्या जवळची. त्या वृत्तीला निवळीच्या बीची उपमा देतात. बी उगाळून गढूळ पाण्यात टाकली की गाळ तळाशी बसतो, आणि त्याबरोबर बीची पूडही. पूड तरंगत राहिली तर पाणी निवळले असे कोण म्हणेल? ज्ञानेश्वर महाराजांच्या अमृतानुभवातही हीच धार आहे : अज्ञान घालवणारे ज्ञानही मागे शिल्लक उरत नाही.

मुंबईच्या खेतवाडीत मराठीतून निरूपण करणारे निसर्गदत्त महाराज (१८९७-१९८१) 'मी आहे' या जाणिवेला धरून राहायला सांगत, आणि पुढे तीच जाणीव देहाबरोबर आली व देहाबरोबर जाणारी आहे, असेही सांगत. यात विसंगती नाही. आधी बी पाण्यात टाकायची असते, मग ती तळाशी जाते. घोटाळा होतो तो न टाकताच 'बीसुद्धा मिथ्या' म्हणणाऱ्यांचा. म्हणून वाचताना 'जाणीव' हा शब्द आला की आधी पाहा : जिच्यात येणे-जाणे आहे ती जाणीव, की येणे-जाणे जिला कळते ती?

प्रश्न : गुरू हवाच का?

श्रवण (गुरूकडून ऐकणे), मनन (त्यावर विचार) आणि निदिध्यासन (त्यातच मन स्थिर करणे) यांतले श्रवण स्वतःहून करता येत नाही. आपली चूक आपल्याच बुद्धीला पटलेली असते, म्हणून ती दाखवणारा लागतो. मात्र शंका विचारली की रागावणारा, किंवा पैसा आणि आज्ञाधारकपणा मागणारा, सोडून द्या.

प्रश्न : 'तत्त्वमसि'चा ('ते ब्रह्म तूच आहेस') अर्थ पटला आहे. पण राग येतो तो येतोच. मग ज्ञान झालेच नाही असे धरायचे का?

'पंचदशी' या वेदान्तग्रंथाच्या तृप्तिदीप या प्रकरणात दहाव्या माणसाचा दृष्टान्त आहे. नदी उतरून आलेले दहाजण एकमेकांना मोजतात, प्रत्येकजण स्वतःला वगळतो, नऊच भरतात. आणि दहावा बुडाला म्हणून रडतात. वाटसरू म्हणतो, 'दहावा आहे.' हे परोक्ष, म्हणजे ऐकीव ज्ञान. 'दहावा तूच' हे अपरोक्ष, म्हणजे प्रत्यक्ष. रडणे त्या क्षणी थांबते. पण रडताना डोके आपटून जी जखम झाली ती हळूहळू, महिन्याभराने भरते, असे ग्रंथकार मुद्दाम सांगतात.

तेव्हा राग येणे एवढ्यावरून निकाल लागत नाही. पण सूटही मिळत नाही. राग किती वेळ टिकतो, आणि नंतर तुम्ही त्याचे समर्थन करता का, हे पाहा. घरच्या माणसाने दुखावल्याचे सांगितले आणि तुम्ही 'सगळे मिथ्याच आहे' म्हणालात, तर अर्थ फक्त बुद्धीला पटला आहे, परोक्ष आहे. मग पुन्हा शम (मन आवरणे), दम (इंद्रिये आवरणे), उपरती (विषयांतून मागे फिरणे), तितिक्षा (सोसणे), श्रद्धा, समाधान (चित्त एकाग्र ठेवणे) या षट्काकडे या. ते पहिलीचे पुस्तक आहे असे समजून बरेचजण टाळतात.

याच पत्राच्या शेवटी एक ओळ आहे : साक्षीभावाचा सराव वाढवल्यापासून कधी हात आपले वाटत नाहीत, माणसे काचेपलीकडची वाटतात, भीती वाटते. हे साक्षीभावाचे लक्षण समजू नका. साक्षीभावात जग परके होत नाही, वेदना बधिर होत नाही. दुसऱ्याचे दुःख उलट अधिक स्वच्छ कळते. हा सराव आजच थांबवा. चालणे, हाताने करायची कामे, माणसांत बसणे, वेळेवर जेवण आणि पुरेशी झोप यांवर या, आणि मनोविकारतज्ज्ञांना या ओळीतले सगळे जसेच्या तसे सांगा. त्यासाठी एखादे औषध आधीच चालू असेल तर ते कोणाच्याही उपदेशावरून बंद करू नका.