वर्गात सगळे छान वागतात पण मित्र एकही नाही, काय करावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा ९ वर्षांचा आहे, बौद्धिक अक्षमता आहे, बोलणं हळू आणि थोडं अस्पष्ट, सर्वसाधारण शाळेत जातो, वर्गातली मुलं त्याच्याशी छान वागतात पण सुट्टीच्या दिवशी एकाचाही फोन येत नाही, आणि मोठेपणी तर कोणीच उरणार नाही का याची भीती वाटते. मी थेरपिस्ट वगैरे नाही. माझा धाकटा भाऊ आता ३४ चा आहे, त्याचं साधारण असंच, आणि त्याला मित्र मिळवून द्यायचा उद्योग मी पंचवीसेक वर्षं केलाय, त्यातली बरीचशी वर्षं चुकीच्या पद्धतीने. त्या जोरावर सांगते.

"छान वागतात" हे वाचूनच मला कसंतरी झालं. भावाशीही सगळे छान वागायचे. टाळी द्यायचे, हाय म्हणायचे, खेळायला घ्यायचे पण आउट झाला तरी आउट द्यायचे नाहीत. म्हणजे कायमचा लिंबूटिंबू. पाच वर्षांच्या पोराला ते चालतं, बारा वर्षांच्याला कळतं की आपला रन मोजलाच जात नाहीये. शाळेत तर आज याला मदत करायची पाळी कुणाची अशी वहीच होती, आणि बाईंचा हेतू चांगलाच होता, पण ज्या मुलाला तुम्ही मदतनीस करता तो मित्र होणं अवघड, कारण ड्युटी संपली की तो सुटतो. तेव्हा बाईंना भेटून पहिलं हेच सांगा की याला मदत मिळते तशी यालाही कुठलीतरी जबाबदारी द्या, दुसऱ्या एका मुलासोबत जोडीने. वह्या वाटणं, झाडांना पाणी, काहीही, फक्त ते काम त्याला खरंच जमणारं हवं आणि नाही केलं तर कुणाचं तरी अडलं पाहिजे.

आता माझी चूक. मैदानात एका मुलाने भावाला विचारलं, तुझी टीम कुठली? मी शेजारी उभी. मी लगेच सांगून टाकलं, कारण मला वाटायचं तो अडखळला तर समोरच्याला ऑकवर्ड होईल. मग पुढचा प्रश्नही त्या मुलाने मलाच विचारला, आणि त्याच्या पुढचाही, भाऊ आमच्या दोघांच्या मध्ये उभा राहून आमच्या तोंडाकडे बघतोय. हे शेकडो वेळा झालं असेल. खूप नंतर एकदा मी मुद्दाम गप्प राहून मनात आकडे मोजले तर त्याचं उत्तर सातव्या-आठव्या आकड्याला आलं, पूर्ण, बरोबर उत्तर. आणि मी इतकी वर्षं दुसऱ्या आकड्याला बोलत होते. आता कोणी नवीन भेटलं की मी बाजूला जाऊन मोबाइलमध्ये तोंड घालते, समोरच्याला नाइलाजाने थांबावं लागतं आणि बहुतेक लोक थांबतात.

शॅडो टीचर, म्हणजे वर्गात फक्त त्याच्या मदतीला बसणारी बाई, असेल तर हे अजून जास्त लागू. मायकेल जियांग्रेको म्हणून एक अभ्यासक आहेत अमेरिकेत, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं की अशी मदतनीस बाई मुलाला सतत चिकटून बसली की बाकीची मुलं लांबच राहतात. मोठ्या माणसाच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या मुलाशी कोण जाऊन गप्पा मारेल, तुम्हीच सांगा. शॅडो टीचरला सांगा की मधल्या सुट्टीत दहा पावलं मागे, आणि कोणी मुलाबद्दल तिला विचारलं तर "त्यालाच विचार" एवढंच उत्तर.

दुसरी गोष्ट म्हणजे तास. आपण मैत्रीला मनाची गोष्ट समजतो पण ती बरीचशी तासांची गोष्ट आहे. जेफ्री हॉल या अमेरिकन अभ्यासकांचा २०१८ चा एक अभ्यास आहे, त्यात नुसती ओळख जाऊन जरा दोस्ती व्हायला साधारण ५० तास आणि जिवलग व्हायला २०० च्या वर तास एकत्र जावे लागतात असं आलं. तो काही दिव्यांग व्यक्तींवरचा अभ्यास नाही, सगळ्यांचंच तसं आहे, पण मी वाचलं आणि भावाचे तास मोजायला बसले. तो शाळेत असताना शाळा सुटायच्या वेळेला बस बरोबर दारात हजर, त्यामुळे गेटपाशी टंगळमंगळ करण्याची जी दहा मिनिटं असतात, ज्यात पोरांचं खरं सगळं ठरतं, ती त्याला कधी मिळालीच नाहीत. मधल्या सुट्टीत स्पीच थेरपी. संध्याकाळी फिजिओ. रविवारी आम्ही थकलेले. थेरपी बंद करा म्हणत नाहीये मी, पण ती मधल्या सुट्टीत ठेवू नका. आणि आठवड्यातून दोनदा तरी पंधरा मिनिटं उशिरा न्यायला जा, मुद्दाम.

घरी बोलवायचं तर दहा जणांना नको, एकालाच. मी एकदा दहा बोलावले होते, ते दहा एकमेकांत मस्त खेळले. एक मूल, पाऊण तास, करायला काहीतरी ठरलेलं, आणि अजून थोडं हवं होतं असं वाटत असतानाच संपवायचं. कोणाला बोलवायचं हे आपण नाही ठरवायचं, तो कोणाचं नाव परत परत घेतो ते बघा. त्या मुलाच्या आईला आधीच साधं सांगून टाका की हा हळू बोलतो, थांबलात तर सांगतो, मोठा आवाज झाला की कान झाकतो तेव्हा घाबरू नका (तुमच्या मुलाचं जे असेल ते). लोक बऱ्याचदा वाईट म्हणून टाळत नाहीत, आपलं काही चुकेल म्हणून टाळतात.

टॅबलेटवर चित्रं दाबून बोलणारी मुलं असतील वाचणाऱ्यांची तर एक सांगते, त्यात फक्त पाणी, बाथरूम, दुखतंय एवढंच भरलेलं असतं. चल ना, चीटिंग करतोस, ए गप, माझी पाळी, हे शब्द टाका आधी. पाणी मागून कुणाशी मैत्री होते का? न ऐकू येणाऱ्या मुलाच्या बाबतीत वर्गातल्या चार मुलांना वीस-तीस खुणा आल्या तरी फरक पडतो, आणि दिसत नसलेल्या मुलाजवळून उठून जाताना "मी जातोय रे" म्हणायची सवय बाकीच्यांना लावावी, नाहीतर ते पोर रिकाम्या खुर्चीशी बोलत बसतं.

ऑटिझम असेल तर डेमियन मिल्टन या ब्रिटिश अभ्यासकांचं जरूर वाचा, ते स्वतः ऑटिस्टिक आहेत. २०१२ मध्ये त्यांनी लिहिलं की न समजणं हे दोन्ही बाजूंनी असतं, ऑटिस्टिक माणसाला बाकीचे कळत नाहीत तसाच तोही बाकीच्यांना कळत नाही, मग सगळी सुधारणा त्यानेच का करायची. म्हणूनच फक्त "नॉर्मल" मुलांशीच मैत्री झाली पाहिजे हा हट्ट सोडा. माझ्या भावाचा सगळ्यात जुना मित्र त्याच्या स्पेशल वर्कशॉपमधला आहे, दोघं तासभर एक शब्द न बोलता शेजारी बसतात आणि खूश असतात. ती मैत्री कमी दर्जाची आहे असं मला कितीतरी वर्षं वाटायचं, आता लाज वाटते.

मोठेपणाची तुमची भीती खरी आहे, खोटं कशाला बोलू. शाळा संपली की सगळं एकदम रिकामं होतं आणि आयुष्यात उरतात घरचे आणि पगारावर येणारी माणसं. भावाची तीन-चार वर्षं अशीच गेली. मग त्याला आकडे आवडतात म्हणून मी त्याला जवळच्या बॅडमिंटन कोर्टवर घेऊन गेले, तिथे स्कोअरचा तो पानं उलटायचा बोर्ड असतो ना, त्यावर कोणी बसायला तयार नसायचं. तो बसला. २१ पर्यंत गेम, एकेक पान उलटायचं. पहिले दोन महिने "वा, छान" आणि पाठीवर थाप. मी बाहेर कट्ट्यावर. मग एकदा तापामुळे तो गेला नाही तर दोघांचे फोन आले, आज बोर्डवर कोण? ते पहिल्यांदा. सारखं तेच ठिकाण, तीच वेळ, तीच माणसं, आणि त्याचं एक काम ज्याच्यावाचून अडतं. दरवेळी नवा कॅम्प, नवी पिकनिक, नवे व्हॉलंटियर यातून आम्हाला फक्त फोटो मिळाले होते.

पैसे, अंगाला हात लावणं आणि "घरी सांगू नको" या तीन गोष्टींबद्दल मात्र त्याच्याशी स्पष्ट बोलून, नाटक करून दाखवून शिकवलंय, परत परत. मैत्रीच्या नावाखाली पैसे उकळणारे भेटतात, आम्हालाही एक भेटला. पण त्या भीतीने घरात ठेवलं तर त्याला चार माणसं ओळखतसुद्धा नाहीत, मग काही झालं तर लक्षात कोणाच्या येणार?

आता तिथला एक जण, भावाच्याच वयाचा, गाडीवरून त्याला घरी सोडतो. गेल्या आठवड्यात दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. तो म्हणतो १९-१८ होतं, भाऊ म्हणतो १८ सगळे, आणि त्याने भावाला सगळ्यांसमोर "तुला मोजता येत नाही का रे" म्हणून झापलं. मी बाहेर ऐकत होते, आत जायला उठले, आणि परत बसले. ३४ वर्षांत घराबाहेरच्या कोणी त्याच्याशी बरोबरीने भांडलेलं मी पाहिलं नव्हतं. दोघं अजून बोलत नाहीयेत. भावाने रात्री तीनदा मला सांगितलं की १८ सगळेच होते. मी मध्ये पडणार नाहीये. आज पाच वाजताच बूट घालून बसला होता, आता गेलाय.