रिवॉर्ड पॉइंट्स जमा झाले नाहीत, कस्टमर केअरवाले दरवेळी वेगळं सांगतात, वैतागून क्रेडिट कार्ड बंद करून टाकू का?

बंद करा नाहीतर ठेवा, पण पॉइंट्स पदरात पडल्याशिवाय बंद करू नका. कार्ड बंद झालं की न वापरलेले पॉइंट्स बहुतेक बँकांत गेले म्हणूनच समजायचं, म्हणजे रागावून तुम्ही बँकेचंच काम सोपं करून देताय. आणि ते कस्टमर केअरला फोन करणं आधी थांबवा. तिकडची पोरं स्क्रीनवर दिसतं तेवढं वाचून दाखवतात, त्यांच्या हातात काही नसतं, त्यांच्यावर ओरडून आपलंच बीपी वाढतं.

मी डोंबिवलीत राहते, ट्यूशन्स घेते, घरातला जवळजवळ सगळा खर्च कार्डावर करते आणि बिल पूर्ण भरते. दिवाळीच्या आधी टीव्ही घेतला, ४८,००० चा. कार्डावर तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सवर पाचपट पॉइंट्सची ऑफर होती, म्हणजे शंभराला दोनच्या जागी दहा, ४,८०० पॉइंट्स, पॉइंटला २५ पैसे धरले तर १,२०० रुपये. दुकानात ही झुंबड, त्यांच्या मशीनला रेंज येईना, म्हणून काउंटरवरच्या मुलाने खालच्या ड्रॉवरमधून दुसरं मशीन काढलं, मी पिन टाकला, चिठ्ठी आली, टीव्ही घरी आला. स्टेटमेंट आलं तर पॉइंट्सच्या नावाने शंख आणि वर एक नवीनच ओळ, फ्युएल सरचार्ज ४८० रुपये, त्याच्याखाली जीएसटी ८६ रुपये ४० पैसे. पर्समधली चार्ज स्लिप काढून बघितली तर त्यावर दुकानाचं नावच नाही, एका पेट्रोल पंपाचं नाव. दुकानाच्या मालकाचा पंपही आहे, तिथलं मशीन त्याने सणाच्या गर्दीसाठी दुकानात आणून ठेवलं होतं!

फोन लावला. "मॅडम, फ्युएलवर रिवॉर्ड पॉइंट्स अप्लिकेबल नाहीत." मी म्हटलं, अहो दादा, ४८,००० चं पेट्रोल मी भरलं कशात, आमच्याकडे अ‍ॅक्टिव्हा आहे, टाकी पाच लिटरची. तर तो शांतपणे म्हणतो, "सिस्टीममध्ये तसंच दाखवतंय मॅडम." नंतरच्या फोनवर दुसरी मुलगी म्हणाली पॉइंट्स पुढच्या सायकलला येतील, तिसरा म्हणाला ऑफर सिलेक्टेड कस्टमर्सना होती. नुसती टोलवाटोलवी.

मुद्दा असा की बँकेला तुम्ही काय घेतलं ते दिसतच नाही. प्रत्येक दुकानाच्या मशीनला धंद्याप्रमाणे चार आकडी कोड दिलेला असतो, त्याला एमसीसी म्हणतात, पंपाचा ५५४१, इलेक्ट्रॉनिक्सचा ५७३२, आणि पॉइंट्स त्या कोडवर मिळतात किंवा मिळत नाहीत. तेव्हा तुम्हीही आधी स्लिपवर नाव कुणाचं आलंय ते बघा. वॉलेटमध्ये पैसे टाकले असतील, घरभाडं भरलं असेल किंवा खरेदीचा ईएमआय करून घेतला असेल तर बऱ्याच कार्डांवर पॉइंट्स मिळतच नाहीत आणि तिथे मात्र बँकेचं बरोबर असू शकतं. तुम्ही कशावर खर्च केला ते लिहिलेलंच नाही, त्यामुळे मी तरी काय सांगणार.

दुकानदाराकडे गेले तर म्हणे वहिनी, टीव्ही चालतोय ना नीट, मग. त्याला कळत होतं की पंपाचं मशीन दुकानात वापरायचं नसतं, म्हणून लेखी काही द्यायला तयार होईना. शेवटी जीएसटीचं पक्कं बिल होतं तेवढ्यावरच मी भागवलं, त्यावर टीव्हीचा मॉडेल नंबर, तारीख, रक्कम आणि दुकानाचं नाव छापलेलं. ते बिल, स्लिप आणि ऑफरच्या मेसेजचा स्क्रीनशॉट जोडून बँकेला ईमेल. ईमेलच, कारण रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जायचं तर आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली लागते, नुसते फोन केले म्हणून चालत नाही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही की सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन वर तक्रार टाकायची, फी नाही, वकील लागत नाही, अडलं तर १४४४८ वर विचारता येतं. मला बँकेचं उत्तर आलं ते म्हणजे फोनवरचंच वाक्य इंग्रजीत, मग टाकली तक्रार.

त्यानंतर बँकेच्या नोडल ऑफिसातून, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या वरच्या ऑफिसातून, एका बाईंचा फोन आला, मराठीत, अगदी गोड. पॉइंट्स देतो म्हणाल्या, 'गुडविल जेस्चर' म्हणून, सरचार्जही परत करतो, पण जीएसटी नाही मिळणार, तो सरकारला भरला. मी म्हटलं गुडविल कसलं, हक्काचं आहे, आणि सरचार्जच चुकीचा असेल तर त्याच्यावरचा टॅक्स बरोबर कसा? हेच लिहून पाठवा म्हटलं तर त्या गप्प. पुढच्या स्टेटमेंटला ८६ रुपये ४० पैसे वेगळ्या ओळीत परत आले.

आता आमचे भाऊजी. धाकटे दीर, सहकारी बँकेत आहेत. त्यांनी भाऊबीजेपासून जे सुरू केलं ते अजून चालू आहे, "वहिनी शहाऐंशी रुपयांसाठी रिझर्व्ह बँकेत गेल्या." वर हे की पॉइंट्स म्हणजे गाजर, पॉइंट्सपायी माणूस जास्त खर्च करतो. अहो, टीव्ही घ्यायचाच होता, जुन्याच्या स्क्रीनवर रेघा आल्या होत्या. आणि हे बोलतंय कोण, तर मंडईत पाव किलो मिरच्यांवर कोथिंबीर फुकट मागून घेणारा माणूस. तिथे तो व्यवहार, मी बँकेकडे छापील कबूल केलेलं मागितलं की ती हाव. बँकेत काम करणाऱ्या माणसाला बँकेचीच बाजू बरोबर वाटते, यात नवल नाही म्हणा. भाऊजी हे वाचत असतील तर वाचोत.

एवढं मात्र त्यांचं खरं की मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कम तेवढी भरून बाकी पुढे ढकलणाऱ्याने पॉइंट्सचं नावही काढू नये. महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, पॉइंट्स त्याच्यापुढे चिल्लर. तसेच तुम्ही असाल तर खुशाल बंद करा, माझं वरचं सगळं विसरा.

आणि बंद करायचंच ठरलं तर थकबाकी शून्य करून लेखी अर्ज द्या. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमाप्रमाणे सात कामकाजी दिवसांत बंद करावं लागतं, नाहीतर बँकेने उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यायचे असतात, हे अर्जातच लिहा, फरक पडतो. त्याआधी वीजबिल, मोबाइल वगैरे त्या कार्डावर ऑटो पेला लावलं असेल तर काढून घ्या. आणि कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका, तिथे भामटे बसलेत, कार्डाच्या मागे छापलेला असतो तोच लावा.